एका शंकेची वंशावळ

भारताच्या राज्यघटनेत ‘मूलभूत चौकट’ हे शब्द कुठेही नाहीत. मूळ संहितेतले ३९५ अनुच्छेद वाचा, परिशिष्टे वाचा, नंतरच्या शंभराहून अधिक दुरुस्त्या वाचा. ते सापडायचे नाहीत. तरीही न्यायालयात आव्हान दिलेली प्रत्येक घटनादुरुस्ती गेली पन्नास वर्षे याच दोन शब्दांच्या कसाला लागते आहे. संसद घटनेत बदल करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, हा नियम आज कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. तो २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात जन्मला, असे आपण म्हणतो. जन्मतारीख म्हणून ते खरेच आहे; पण माणसांप्रमाणे विचारांनाही पूर्वज असतात. या नियमाचे पूर्वज शोधू लागलो की वाट दिल्लीहून नागपूरकडे, बनारसकडे, ढाक्याकडे आणि थेट जर्मनीतल्या हायडेलबर्गपर्यंत जाते. आणि त्या वाटेवर भेटणारी बहुतेक माणसे अशी आहेत, की ज्यांनी आपली शंका लिहून ठेवली, पण त्या दिवशी निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही.

घटना बदलण्याच्या अधिकाराला मर्यादा असावी का, हा प्रश्न भारताहून पुष्कळ जुना. १७८७ मध्ये लिहिल्या गेलेल्या अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या कलमाने एक कुंपण घातले होते: कोणत्याही राज्याचे सिनेटमधले समान प्रतिनिधित्व त्या राज्याच्या संमतीवाचून हिरावता येणार नाही. १८१४ मधली नॉर्वेची घटना त्याच्याही पुढे गेली. दुरुस्ती घटनेच्या तत्त्वांना सोडून नसावी आणि तिने घटनेचा आत्मा बदलू नये, असे तिच्या ११२ व्या कलमात स्वच्छ लिहिले होते. फ्रान्सने १८८४ मध्ये ठरवले, की प्रजासत्ताक हा राज्यप्रकार दुरुस्तीचा विषयच होऊ शकणार नाही. या तिन्ही ठिकाणी जे बदलायचे नाही ते कागदावर नोंदलेले होते, त्यामुळे वादाला फारशी जागा नव्हती. खरा कठीण प्रश्न वेगळाच होता. घटनेने असे काहीच लिहिले नसेल, नुसते ‘अमुक बहुमताने दुरुस्ती करता येईल’ एवढेच म्हटले असेल, तर त्या बहुमताला घटना मुळापासून उखडण्याचाही अधिकार मिळतो काय?

हा प्रश्न पुस्तकातून उठून रस्त्यावर आला तो जर्मनीत. १९१९ च्या वायमार राज्यघटनेत दोन तृतीयांश बहुमताने दुरुस्तीची सोय होती, कुंपण नव्हते. त्या घटनेचे सर्वांत मान्यवर भाष्यकार गेरहार्ड आन्श्युट्झ हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवत. त्यांचे मत असे, की ठरलेले बहुमत जमले की दुरुस्तीला विषयाची मर्यादा उरत नाही. याच्या उलट कार्ल श्मिट यांनी १९२८ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की घटना निर्माण करणारी शक्ती वेगळी आणि घटनेने नेमून दिलेला दुरुस्तीचा अधिकार वेगळा. दुसऱ्याने पहिलीची जागा घेता कामा नये. पाच वर्षांतच इतिहासाने दोघांचीही परीक्षा घेतली. २३ मार्च १९३३ रोजी बर्लिनच्या क्रोल नाट्यगृहात भरलेल्या संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी हिटलरच्या सरकारला घटनेशी विसंगत कायदेही स्वतःच करण्याचा अधिकार देऊन टाकला. बहुमत होते, रीतही बाह्यतः पाळली होती, आणि लोकशाही संपली. विस्मयाची गोष्ट ही, की मर्यादा सांगणारे श्मिट नाझींना जाऊन मिळाले, आणि मर्यादा नाही म्हणणारे आन्श्युट्झ हा नवा कायदा आपण विद्यार्थ्यांना शिकवू शकत नाही म्हणून अध्यापनातून निवृत्त झाले. सिद्धान्त कोणाच्या तोंडून आला यावर त्याचे मोल ठरत नाही, हे या वंशावळीतले पहिले शहाणपण. युद्धानंतर मे १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीने नवी घटना स्वीकारली तेव्हा तिच्या ७९ व्या कलमात मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि संघराज्य यांना दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवले. ती धडा शिकून लिहिलेली घटना होती.

आपली संविधान सभा त्याच सुमारास दिल्लीत काम करत होती. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याचा जो अधिकार आज अनुच्छेद ३२ मध्ये आहे, त्याला डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटनेचा प्राण म्हटले होते. मात्र दुरुस्तीच्या अनुच्छेद ३६८ मध्ये जर्मनीसारखे कुंपण आपण घातले नाही. ते नसल्याचा अनुभव लवकरच आला. जमीनदारी संपवणारा बिहारचा कायदा पाटण्याच्या उच्च न्यायालयाने रद्द केला, आणि जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली. तिने नववे परिशिष्ट निर्माण केले. त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येणार नव्हते. त्या परिशिष्टात आरंभी १३ कायदे होते आणि दुसऱ्याच क्रमांकावर होता मुंबई इलाख्याचा १९४८ चा कूळकायदा. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांचा सातबारा या कायद्याने बदलला. म्हणून ही कथा सांगताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. संसदेला अमर्याद अधिकार हवा होता तो सुरुवातीला तरी कसेल त्याला जमीन देण्यासाठी, आणि मर्यादा मागायला न्यायालयात गेले ते बहुतांशी जमीनदार. ऑक्टोबर १९५१ मध्ये शंकरीप्रसाद खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की घटनादुरुस्ती हा सामान्य कायदा नव्हे. म्हणून मूलभूत हक्कांवरही ती चालते. विषय मिटला असे सर्वांना वाटले.

तेरा वर्षांनी तो पुन्हा उघडला, आणि इथे आपण आपल्या अगदी जवळच्या माणसांपाशी येऊन पोचतो. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी सज्जनसिंग खटल्याचा निकाल लागला. सतरावी घटनादुरुस्ती वैध ठरली. मुख्य निकालपत्र साताऱ्याचे सुपुत्र सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे होते आणि शंकरीप्रसादची वाट सोडण्याचे कारण त्यांना दिसले नाही. पीठावरच्या पाचांपैकी दोघांनी मात्र निकालाशी सहमत होऊनही आपापली शंका स्वतंत्र लिहिली. एक मोहम्मद हिदायतुल्ला, दुसरे ज. र. मुधोळकर, दोघेही पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. संसदेच्या विशेष बहुमताने हाताळावे इतके हक्क हलके आहेत का, असा हिदायतुल्ला यांचा प्रश्न होता. मुधोळकर आणखी खोल गेले. संविधान सभेने इतकी गंभीर उद्देशिका लिहिली, त्या अर्थी काही वैशिष्ट्ये कायम राहावीत असा तिचा हेतू नसेल का? आणि अशा वैशिष्ट्यात केलेला बदल ही दुरुस्ती म्हणायची, की घटनेचा तो भाग नव्याने लिहिणे? उत्तर त्यांनी दिले नाही. प्रश्न नोंदवून ठेवला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांची भाषा आली ती या निकालपत्रातून. केशवानंदचा उत्सव दरवर्षी होतो. मुधोळकरांचे नाव महाराष्ट्रातही क्वचितच कोणी घेते.

मुधोळकरांना ही भाषा कुठे भेटली, हेही त्यांनी लपवले नाही. त्यांनी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ मधल्या एका निकालाचा हवाला दिला होता. अयुबखानांच्या १९६२ च्या घटनेने राष्ट्राध्यक्षांना अंमलबजावणीतल्या अडचणी दूर करण्याचा अधिकार दिला होता. तो वापरून मंत्र्यांना कायदेमंडळातली जागा राखण्याची मुभा दिली गेली. ढाक्याच्या उच्च न्यायालयात याविरुद्ध दाद मागितली गेली आणि ती मान्य झाली. अपिलात सरन्यायाधीश कॉर्नेलियस यांच्या न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. शासनपद्धती हे घटनेचे मूलभूत वैशिष्ट्य आहे, अडचणी दूर करण्याच्या नावाखाली ते पालटता येणार नाही, हे त्याचे सार. लष्करशाहीच्या छायेत, आज बांगलादेशची राजधानी असलेल्या शहरात पेरलेले हे बी एका वैदर्भीय न्यायमूर्तीने उचलले. दोन देशांमध्ये वैर धुमसत असतानाही निकालपत्रे सीमा ओलांडत होती.

सज्जनसिंगच्या निकालाला चार महिनेही झाले नव्हते, तोच फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी विभागात एक जर्मन अभ्यासक व्याख्यानाला उभे राहिले. त्यांचे नाव डीट्रिख कॉनराड. ते हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतले. म्हणजे आन्श्युट्झ यांच्याच गावचे. विषय होता दुरुस्तीच्या अधिकाराच्या गर्भित मर्यादा. कॉनराड यांनी श्रोत्यांपुढे काही काल्पनिक पण अंगावर येणारे प्रश्न ठेवले. जीविताचे रक्षण करणारा अनुच्छेद २१ दुरुस्तीने पुसून टाकता येईल का? बहुमत घटत चालल्याचे पाहून सत्ताधारी पक्षाने दुरुस्तीचा सारा अधिकार पंतप्रधानांच्या सल्ल्याने चालणाऱ्या राष्ट्रपतींच्या हाती दिला तर? घटनाच रद्द करून मुघल बादशाही किंवा इंग्लंडच्या राजाचे राज्य परत आणता येईल का? भारतीय कायदेपंडितांनी या टोकाचा विचार केलेला नव्हता. तशी वेळ त्यांच्यावर आली नव्हती. कॉनराड यांच्या देशावर ती येऊन गेली होती. त्या व्याख्यानाचा मजकूर मद्रासचे ज्येष्ठ वकील एम. के. नांबियार यांच्या हाती पडला. १९५० मध्ये ए. के. गोपालन यांच्या बाजूने व्यक्तिस्वातंत्र्याचा पहिला मोठा खटला लढून हरलेले हेच ते नांबियार.

पुढे गोलकनाथ खटला उभा राहिला तेव्हा नांबियार यांनी गर्भित मर्यादांचा तो युक्तिवाद अकरा न्यायमूर्तींपुढे मांडला. जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाची पाचशे एकरांहून अधिक जमीन पंजाबच्या कायद्याखाली जात होती. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सरन्यायाधीश सुब्बाराव यांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच मतांनी जुने निकाल फिरवले: मूलभूत हक्क कमी करणारी दुरुस्ती यापुढे संसदेला करता येणार नाही. नांबियार यांच्या युक्तिवादात जोर आहे असे सुब्बाराव यांनी म्हटले, पण निकाल त्यावर न बेतता वेगळ्या मुद्द्यावर दिला. बनारसचा विचार दारापर्यंत येऊन उंबऱ्यावरच थांबला.

गोलकनाथला पहिले मोठे राजकीय उत्तर मिळाले ते सरकारकडून नव्हे, तर कोकणातल्या एका विरोधी खासदाराकडून. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी एप्रिल १९६७ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले: घटनेतली कोणतीही तरतूद बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, हे निःसंदिग्धपणे लिहावे. नाथ पै नागरी स्वातंत्र्याचे कैवारी होते. हक्कांचे वैरी नव्हते. लोकांनी निवडलेल्या सभागृहावर विश्वास ठेवायचा की नाही, हा त्यांचा मूळ सवाल होता, आणि समाजवादी माणसाला त्याचे उत्तर एकच दिसत होते. ते विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर चर्चा झडली, आणि डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त होताच ते संपले. पुढच्याच महिन्यात नाथ पैही गेले. नोव्हेंबर १९७१ मध्ये चोविसाव्या घटनादुरुस्तीने जे केले, ते मुख्यतः त्यांनीच मागितले होते. ही कथा हक्कांचे मित्र विरुद्ध हक्कांचे शत्रू अशी मांडली तर नाथ पै यांच्यासारख्यांवर अन्याय होईल. दोन्ही बाजूंना लोकशाहीच हवी होती. तिची चावी कोणाकडे असावी, यावर वाद होता.

चोविसाव्या दुरुस्तीपाठोपाठ पंचविसावी आणि एकोणतिसावी आली आणि या तिन्हींना आव्हान देणारा खटला केरळमधल्या कासारगोडजवळच्या एडनीर मठाचे प्रमुख केशवानंद भारती यांच्या नावाने चालला. ३१ ऑक्टोबर १९७२ ते २३ मार्च १९७३ या काळात ६८ दिवस सुनावणी झाली. तेरा न्यायमूर्तींपुढे समोरासमोर उभे होते मुंबईचे दोन वकील, दोघेही सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरमध्ये घडलेले. याचिकाकर्त्यांकडून नानी पालखीवाला; केरळ सरकारकडून महाराष्ट्राचे महाधिवक्ता होर्मसजी सीरवाई, ज्यांचा भारतीय संविधानावरील भाष्यग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध होऊन प्रमाण मानला जाऊ लागला होता. कॉनराड यांचे लिखाण आता थेट निकालपत्रात उतरले. सरन्यायाधीश सिक्री यांच्या निवृत्तीच्या तोंडावर, २४ एप्रिल १९७३ रोजी, सुमारे सातशे पानांची अकरा निकालपत्रे वाचली गेली. सहा जण मर्यादा मानणारे, सहा न मानणारे. मधे उभे होते न्या. हंसराज खन्ना. मूलभूत हक्कांनाही दुरुस्ती लागू होते, असे त्यांनी एका बाजूला सांगितले. दुसऱ्या बाजूला ‘दुरुस्ती’ या शब्दाचा अर्थ उलगडला. ज्याची दुरुस्ती करायची ते दुरुस्तीनंतर शिल्लक राहिले पाहिजे. म्हणून घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. हे सांगताना त्यांनी कॉनराड यांचा नाव घेऊन आधार घेतला. सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने नियम जन्मला. केशवानंद भारतींच्या हाती मठाच्या जमिनीच्या बाबतीत मात्र फारसे काही लागले नाही. लगेचच शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून न्या. अजितनाथ राय सरन्यायाधीश झाले आणि तिघांनी राजीनामे दिले.

नवजात नियमाची कसोटी अडीच वर्षांत लागली. आणीबाणीत, ऑगस्ट १९७५ मध्ये, एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढली. कॉनराड यांनी बनारसला विचारलेला काल्पनिक प्रश्न दहा वर्षांत जवळपास प्रत्यक्षात आला होता. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचा तो भाग रद्द केला, आणि तोही मूलभूत चौकटीच्या आधारे. पीठावर पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. केशवानंदमध्ये ते विरुद्ध बाजूला होते, आता त्यांनी तोच नियम लावला. तीनच दिवसांनी केशवानंदच्या फेरविचारासाठी तेरा न्यायमूर्ती बसले. पालखीवालांनी युक्तिवाद केला आणि १२ नोव्हेंबरला ते पीठ विसर्जित झाले. सीरवाईंची गोष्ट यापेक्षाही मनात राहणारी आहे. त्यांनी हा सिद्धान्त न्यायालयात नेटाने खोडून काढला होता. ग्रंथातही त्यावर टीका केली होती. आणीबाणी पाहिल्यावर पुढच्या आवृत्तीत त्यांनी आपले मत बदलल्याचे मोकळेपणाने लिहिले. विद्वत्तेचा याहून मोठा पुरावा मला तरी ठाऊक नाही. एवढा मान असलेला माणूस ‘माझे चुकले’ असे छापून ठेवतो, तेव्हा त्या शास्त्रावर लोकांचा विश्वास बसतो.

याच काळाचा काळा डागही आपण पाहिला पाहिजे. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले, की आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. बहुमतात चंद्रचूड होते; एकटे विरोधात उभे राहिले ते खन्ना. म्हणजे चौकट वाचवणारे न्यायालयही माणूस वाचवायला कमी पडले. बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेचा अधिकार पुन्हा अमर्याद केला, आणि १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने ती कलमे रद्द करताना सांगितले, की दुरुस्तीचा अधिकार मर्यादित असणे हेच चौकटीचे एक अंग आहे. महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यावरून आलेल्या वामनराव खटल्यात २४ एप्रिल १९७३ ही सीमारेषा ठरली: त्यानंतर नवव्या परिशिष्टात घातलेला कायदा तपासला जाईल. २००७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने ती पक्की केली. आणि २०१७ मध्ये, खासगीपणाच्या खटल्यात, जबलपूरचा निकाल मोडीत काढला गेला. ते लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड त्याच यशवंतरावांचे पुत्र.

विचार मग आला तसा परतही गेला. सप्टेंबर १९८९ मध्ये बांगलादेशच्या सर्वोच्च न्यायालयाने आठव्या घटनादुरुस्तीचा काही भाग याच सिद्धान्ताने रद्द केला. १९६३ मध्ये ढाक्याहून निघालेला विचार नागपूर, बनारस, दिल्ली करत सव्वीस वर्षांनी ढाक्यात पोचला होता. सगळीकडे त्याचे स्वागत झाले असे नाही. केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो नाकारला. आपल्याकडेही न निवडलेल्या न्यायाधीशांनी निवडलेल्या संसदेला किती अडवावे, हा नाथ पै यांचा प्रश्न जिवंत आहे, आणि न्यायमूर्ती नेमणुकांच्या २०१५ च्या निकालानंतर तो अधिक टोकदार झाला. त्याला उत्तर देत राहणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे; तो विचारणाऱ्याला लोकशाहीचा शत्रू ठरवणे हे कोणाचेच नाही.

हायडेलबर्गच्या कॉनराड यांचे ऋण आपण जवळजवळ विसरलो होतो. मुंबईचे कायदेतज्ज्ञ ए. जी. नूरानी यांनी २००१ मध्ये लेख लिहून ते पुन्हा लोकांपुढे आणले. मुधोळकरांचे ऋण अजून फेडायचे आहे. त्यांचे ते निकालपत्र काही पानांचेच आहे. विधी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत, निकालांच्या जुन्या खंडांत आजही ते वाचायला मिळते. केशवानंदची सातशे पाने वाचायला घेणाऱ्याने आधी ती पाने वाचावीत. त्यांत निर्णय नाही, फक्त एक प्रश्न आहे, आणि आज देशाचा कायदा त्या प्रश्नावर उभा आहे.